पदार्थ नाही, गाळा निवडा

सिंगापूरला जाऊन आलेल्या माणसाला जेवणाचं विचारलं की बहुधा एकच उत्तर येतं, ‘छान सोय होती, रोज इंडियन मिळत होतं.’ सहल कंपनीची बस लिटल इंडियात थांबते, डाळ-रोटी-पनीर होतं आणि मंडळी परत हॉटेलवर. त्यात वाईट काही नाही. ज्यांना पथ्य आहे, ज्यांच्या पोटाला बदल सोसत नाही, त्यांनी तेच करावं. पण पाच दिवसांच्या सहलीत एखादी दुपार मोकळी मिळतेच. ती हॉकर सेंटरातल्या नूडल्सच्या गाळ्यावर घालवावी, असं माझं सांगणं आहे. अडचण एवढीच की आत पाऊल टाकलं की चारी बाजूंनी पाट्या, निम्म्या चिनी अक्षरांत, समोर रांगा, आणि काय मागायचं ते कळत नाही. मग माणूस फ्राइड राइस घेऊन मोकळा होतो. तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

हॉकर सेंटर म्हणजे सरकारने बांधलेली, वर छप्पर आणि बाजूंनी मोकळी अशी खाण्याची मंडई. सिंगापुरातल्या रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची १९६८-६९ मध्ये नोंदणी झाली आणि १९८६ पर्यंत त्यांना नळ, गटार, वीज असलेले गाळे देऊन रस्त्यावरून आत आणलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आज अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत. मॉलमधलं फूड कोर्ट हा त्याचाच वातानुकूलित, खासगी अवतार. तिथे पदार्थांचे फोटो मोठे असतात, कार्ड चालतं, आणि ताटलीमागे एक-दोन डॉलर जास्त जातात. सोबत लहान मूल असेल किंवा उकाड्याने जीव कासावीस होत असेल तर फूड कोर्टात जा. चवीसाठी जायचं असेल तर हॉकर सेंटर. हॉकर सेंटरात नूडल्सचा साधा वाडगा साधारण चार ते सहा सिंगापूर डॉलरला मिळतो. एक डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरला तर तीनशे-चारशे रुपये. मुंबईच्या हिशेबाने हे फार स्वस्त वाटणार नाही, पण सिंगापुरात बसून पोटभर जेवण याहून स्वस्त मिळणं कठीण.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवर एकच माणूस हक्का नूडल्स, मंचुरियन, शेजवान राइस, सूप असं सगळं करतो आणि ‘भैया, थोडा तिखा कम’ म्हटलं की कढईत तसा फेरफारही करतो. हॉकर सेंटरातला गाळा तसा नसतो. तो एका पदार्थाचा असतो, फार तर दोन-तीन. हिल स्ट्रीट ताय ह्वा या गाळ्याला २०१६ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला तो बाक चोर मी या एकाच प्रकारच्या नूडल्ससाठी, आणि हा धंदा १९३२ पासून चालू आहे. रस्सा पहाटेपासून उकळत असतो, सॉस आदल्या रात्री केलेला असतो, तुमच्यासमोर होतं ती फक्त जुळणी. त्यामुळे ‘यात मांस घालू नका, रस्सा भाज्यांचा द्या’ ही मागणी त्या माणसाला पुरवताच येत नाही. तो एक तर नाही म्हणेल, किंवा वरचे तुकडे काढून बाकी सगळं तेच देईल. म्हणून खाणं ठरवताना पदार्थात बदल मागू नका, गाळा बदला. शाकाहारी असाल, डुक्कर चालत नसेल, कोळंबीची अॅलर्जी असेल, सगळ्यांना हाच नियम.

(मंचुरियन तिथल्या चिनी गाळ्यावर शोधू नका. ते आपल्या मुंबईचं आहे, शेजवान चटणीही आपल्याकडचीच. दोन्ही हवीच असतील तर लिटल इंडियातल्या भारतीय हॉटेलात मिळतील.)

गाळ्यापुढे रांगेत उभे राहाल तेव्हा चार गोष्टींची उत्तरं तयार ठेवा, कारण नंबर आल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही आणि मागची माणसं ऑफिसच्या सुट्टीत आलेली असतात. पहिली गोष्ट, नूडल कुठली. ‘मी किया’ म्हणजे बारीक, गोल, गव्हाची. ‘मी पोक’ म्हणजे तीच, पण चपटी फितीसारखी. ‘बी हून’ म्हणजे तांदळाच्या शेवया. ‘क्वे टिआव’ म्हणजे तांदळाच्या रुंद, मऊ पट्ट्या. ‘यलो मी’ जाड आणि पिवळी. अंडं चालत नसेल तर मी किया आणि मी पोक टाळा, त्यांत बहुधा अंडं असतं. बी हून घ्या. दुसरी गोष्ट, ड्राय की सूप. ड्राय म्हणजे कढईत कोरडी परतलेली नव्हे. नूडल्स सॉसमध्ये कालवून देतात आणि रस्सा लहान वाटीत वेगळा येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने ड्रायच घ्यावी, दोन्ही चवी कळतात. तिसरी, तिखट किती. ड्रायमध्ये मिरचीचा सॉस न सांगता पडतो. तो जळजळीत असतोच असं नाही, पण आपल्या तिखटाहून वेगळा, आंबट अंगाने जाणारा असतो. ‘लेस चिली’ किंवा ‘नो चिली’ म्हटलं की पुरे. चौथी, इथे खाणार की पार्सल. पार्सलला तिथे ‘टेकअवे’ किंवा ‘दापाओ’ म्हणतात आणि डब्याचे थोडे सेंट वेगळे लागतात. पाटीवर एकाच पदार्थापुढे चार, पाच, सहा असे आकडे दिसले तर ते वाडग्याच्या आकाराचे. ‘फोर डॉलर’ एवढंच बोला. सर्वांत लहान वाडगा एका माणसाला भरपूर होतो, आणि लहान घेतला तर दुसऱ्या गाळ्यावरचंही काही चाखता येतं.

बोलताना विक्रेत्याला ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हणायची तिथे रीतच आहे. आपल्याला ते सोपं जातं. इंग्रजीत लांबलचक, शिष्टाचाराची वाक्यं नकोत. ‘अंकल, मी पोक ड्राय, लेस चिली, हॅविंग हिअर’ एवढ्यात सगळं येतं. समोरून उत्तर तुटक आलं तर मनावर घेऊ नका. तो दुपारी तासाभरात ढिगाने वाडगे काढत असतो आणि हसतमुख सेवा हा त्या चार डॉलरचा भाग नाही.

रांगेत उभं असताना मोबाईल खिशात ठेवा आणि हात बघा. वानतान मीचा, म्हणजे सारण भरलेल्या पुरचुंड्यांसोबतच्या नूडल्सचा गाळा यासाठी उत्तम. पिठाने माखलेल्या बारीक नूडल्सचा एक झुबका तो बोटांनी मोकळा करतो आणि लांब दांड्याच्या खोल गाळणीत टाकून खळखळत्या पाण्यात सोडतो. लांब काड्यांनी दोनदा-तीनदा ढवळतो. अर्ध्या-पाऊण मिनिटात गाळणी वर आली की तो ती सरळ शेजारच्या थंड पाण्यात बुडवतो, आणि लगेच परत उकळत्या पाण्यात. हे उगाच नसतं. त्या पिठात आपण पापडात घालतो तसा खार असतो. त्याने नूडलला ताण आणि पिवळेपणा येतो, पण एक उग्रपणाही येतो. थंड पाणी तो उग्रपणा आणि वरचा चिकटा काढून टाकतं, शिजणं तिथेच थांबतं, आणि नूडल दाताखाली चिवट न होता लवचिक लागते. मग मनगटाचा एक झटका, पाणी निथळलं, आणि नूडल्स ज्या वाडग्यात पडतात त्यात सॉस, तेल, मिरची आधीच घातलेली असते. हे सगळं बघितलं की एक गोष्ट आपोआप कळते, ड्राय नूडल्स हातात आल्या की फोटो काढत बसायचं नाही. टेबलावर ठेवल्याबरोबर तळापासून वर नीट कालवायच्या, नाहीतर दोन मिनिटांत त्यांचा गोळा होतो. हॉटेलवर पार्सल नेऊन खायचं असेल तर ड्राय घेऊच नका. सूप घ्या, आणि रस्सा वेगळा बांधून मागा.

शाकाहाऱ्यांचा प्रश्न सर्वांत मोठा. चिनी नूडल्सच्या साध्या गाळ्यावर दिसत नाही तिथे मांस-मासळी असते. रश्शात डुकराची हाडं किंवा सुकी मासळी, कालवायच्या तेलात डुकराची चरबी, सांबल चटणीत कोळंबीचा खारवलेला लगदा, भाजीवर ऑयस्टर सॉस. वरून फक्त कोबी आणि शेवया दिसतात. ‘नो मीट’ म्हटल्यावर समोरचा मासे चालतात असं धरू शकतो, त्यामुळे ‘नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो एग’ असं मोजून सांगावं लागतं. आणि तरीही कढई आणि गाळणी तीच. म्हणून पुन्हा तेच सांगतो, गाळा बदला. बहुतेक मोठ्या हॉकर सेंटरांत चिनी शाकाहारी गाळा सापडतो. पाटीवर ‘व्हेजिटेरियन’ असतं, हिरवा-पिवळा रंग असतो, काही ठिकाणी बौद्ध परंपरेतलं स्वस्तिकही दिसतं. हे खाणं बौद्ध आचारातून आलेलं आहे आणि मूळ नियमात कांदा-लसूणही वर्ज्य आहे. चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या लोकांना याचं अप्रूप वाटेल. मशरूम मात्र मुबलक असतात आणि काही गाळ्यांवर अंडं वापरतात, तेवढं विचारून घ्या. ताटलीत लालसर काप, कोंबडीच्या तंगडीसारखं काही, अगदी माशाच्या आकाराचं काही दिसलं तर दचकू नका. ते सोयाबीन आणि गव्हातल्या चिकाचं केलेलं असतं. खायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. मला ते फारसं रुचत नाही. त्यापेक्षा परतलेल्या बी हूनवर कोबी, टोफू आणि मशरूम घ्यावं, स्वस्त आणि चवदार.

चिनी पंचांगाप्रमाणे महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक जण शाकाहार पाळतात. पंधरावी तिथी म्हणजे पौर्णिमा. त्या दोन्ही दिवशी शाकाहारी गाळ्यांवर गर्दी उसळते, पण ताजेपणाही तेव्हाच सर्वांत चांगला. वॉटर्लू स्ट्रीटवर ग्वानयिन देवीचं मोठं देऊळ आणि श्रीकृष्णाचं मंदिर अगदी शेजारी-शेजारी आहेत आणि चिनी भाविक दोन्हीकडे उदबत्ती लावतात. तिथून चालत जवळच मिडल रोडवर फॉर्च्युन सेंटर नावाची जुनी इमारत आहे. तिच्यात शाकाहारी उपाहारगृहं एकवटली आहेत. शाकाहारी कुटुंबाने शोधाशोध न करता थेट तिथे जावं. दर्शनही होतं.

आता मांसाहाऱ्यांचं. आपल्यात कोंबडी-मासे खाणारे पुष्कळ, पण डुक्कर आणि गोमांस न खाणारे त्यातले बहुसंख्य. चिनी गाळ्यांवर डुक्कर गृहीतच असतं. बाक चोर मीमध्ये खिमा डुकराचा, वानतानच्या आत बहुधा तेच, ‘चार क्वे टिआव’ म्हणजे परतलेल्या क्वे टिआवमध्ये चरबी आणि चिनी सॉसेज. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे हलाल प्रमाणपत्र लावलेला गाळा. तिथे डुक्कर आणि त्याची चरबी नसते याची खात्री असते. गोमांस मात्र असू शकतं, ते विचारावं. अशा गाळ्यांवर मलय आणि भारतीय मुस्लिम पद्धतीच्या नूडल्स मिळतात. मी सोतो म्हणजे हळद-धण्याच्या वासाचा कोंबडीचा रस्सा आणि पिवळ्या नूडल्स, लहान मुलं आणि आजी-आजोबा दोघांनाही चालतो. मी गोरेंग लालभडक, टोमॅटो-मिरचीत परतलेली. भारतातून गेलेल्या मुस्लिम स्वयंपाक्यांनी ती तिकडे रुजवली. लिटल इंडियाच्या तोंडाशीच टेक्का सेंटर आहे, तिथे या दोन्ही गोष्टी मिळतील. शेजारीच मासळीबाजारही आहे. कोकणातल्या माणसाला तो बघितल्याशिवाय बाहेर पडवणार नाही.

मासे खाणाऱ्याने फिशबॉल नूडल्स घ्याव्यात. माशाचा गर कुटून-मळून केलेले पांढरे गोळे असतात, काटा नाही, वास नाही. पण रस्सा किंवा तेल यात डुक्कर आहे का, हे इथेही विचारून घ्या. आणि लाक्सा. नारळाच्या दुधातला, सुक्या कोळंबीचा, लाल रंगाचा दाट रस्सा, त्यात तांदळाच्या जाड शेवया. मालवण-गोव्याकडच्या जिभेला या पदार्थाची ओळख करून द्यावी लागत नाही. कातोंग भागात शेवया तोडून घालतात, म्हणजे नुसत्या चमच्याने खाता येतो. काड्या धरता न येणाऱ्यांची सोय. लाक्सा आणि चार क्वे टिआवमध्ये ‘हम’ नावाचे छोटे शिंपले घालतात आणि ते पुष्कळदा अर्धेकच्चे असतात. तिथल्या खवय्यांना ते तसेच आवडतात, पण प्रवासात पोट बिघडवून घेण्यात शहाणपण नाही. ‘नो हम’ म्हणा. हा एक बदल कुठलाही गाळेवाला आनंदाने करतो.

सकाळी लवकर बाहेर पडणार असाल तर ‘इकॉनॉमिक बी हून’चा गाळा शोधा. परतलेल्या शेवया ढिगाने ठेवलेल्या असतात आणि समोर तळलेलं अंडं, कोबी, टोफू, मासळीची वडी असे जिन्नस मांडलेले. बोट दाखवाल तेवढे ताटलीत पडतात आणि नगावर पैसे. हाच इथला सर्वांत स्वस्त नाश्ता. बोट दाखवण्याआधी भाव विचारून घ्यावा, कारण मासे-कोळंबीचे जिन्नस ताटलीचा हिशेब एकदम वर नेतात.

बसायच्या जागेचा मामला निराळा. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट किंवा छत्री पडलेली दिसली तर कुणी विसरलंय असं समजून तिथे बसू नका. जागा धरायची ती तिथली पद्धत आहे. तुम्हीही तेच करा. चौघे असाल तर एकाला टेबलाशी बसवा आणि बाकीच्यांनी वेगवेगळ्या गाळ्यांवर रांगा लावाव्यात. गर्दीत अनोळखी माणसाशेजारी रिकामं स्टूल असलं तर विचारून बसता येतं. काही गाळे पदार्थ टेबलावर आणून देतात, त्यांना टेबलाचा नंबर सांगावा लागतो. ‘सेल्फ सर्व्हिस’ लिहिलं असेल तर थांबून घ्या. पेयांचा गाळा वेगळा असतो आणि पाणी फुकट मिळत नाही. नळाचं पाणी पिण्यालायक असतं, तेव्हा बाटली भरून सोबत ठेवा. हात पुसायला कागदी रुमालही आपलेच न्या. पैसे रोखीने देणं अजूनही सर्वांत सोपं, दोन, पाच आणि दहाच्या नोटा हाताशी ठेवा. सकाळी आठला पन्नासची नोट पुढे केली तर अंकलचा चेहरा बघण्यासारखा होतो.

काड्या जमत नसतील तर काटाचमचा मागायला लाजू नका, प्रत्येक गाळ्यावर असतो. नूडल ओढून खाताना आवाज झाला तर कुणी वळून बघत नाही. काड्या वाडग्यात उभ्या खोचून मात्र ठेवू नयेत. मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात, त्यामुळे ते अशुभ मानतात. रक्तदाब असलेल्यांनी रस्सा चमच्या-दोन चमच्यांपुरता चाखावा, संपवू नये. त्यात मीठ फार असतं.

खाऊन झाल्यावर ताट उचलून परतीच्या कप्प्यात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरांत आणि १ जानेवारी २०२२ पासून फूड कोर्टांतही त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड. वापरलेले रुमालही टेबलावर ठेवायचे नाहीत. हलाल आणि इतर ताटांचे कप्पे वेगळे असतात, पाटी वाचून त्या त्या ठिकाणी ठेवा. दुसऱ्याच्या सोवळ्या-ओवळ्याची कदर आपल्याला शिकवावी लागत नाही.

वेळ सांभाळा. बारा ते दीड शहरातल्या केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. अकराच्या सुमारास किंवा दीड ते दोनच्या दरम्यान जावं. उशिरा गेलात तर चांगले नूडल्सचे गाळे दुपारीच माल संपवून बंद झालेले असतात. सोमवारी कित्येक गाळे बंद. चिनी नववर्षाच्या दिवसांत तर पूर्ण रांगच अंधारात असते. केंद्र अधूनमधून सफाईसाठीही काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा लांबून निघण्यापूर्वी चौकशी करा. आणि ज्या गाळ्याचं नाव यूट्यूबवर गाजलंय त्याच्या रांगेत तास-दीड तास उभं राहणं मला पटत नाही. शेजारच्या गाळ्यापुढे दहा स्थानिक म्हातारे वर्तमानपत्र घेऊन उभे असतील तर तिथे उभे राहा.

पहिल्या खेपेला काय घ्यावं असं विचाराल तर सर्व काही खाणाऱ्याने मी पोक ड्राय, डुक्कर नको असलेल्याने मी सोतो, आणि शाकाहाऱ्याने फॉर्च्युन सेंटरमधला बी हून.